काहीही बदलणार नाही

मंडळी, गेले तीन शनिवार इथे काहीच लिहिलं नाही. दोघातिघांनी विचारलंही, "काय रे, संन्यास घेतलास का?" संन्यास वगैरे नाही. मीच लिहिलेलं एक वाक्य डोक्यात बसलं होतं, ते बाहेर पडेपर्यंत दुसरं काही सुचेना. आज ते सांगून टाकतो. नमनाला घडाभर तेल जाणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

तर झालं असं, की गेल्या वर्षी आमची कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. नावं विचारू नका, माझा पगार अजून तिथूनच येतो. अशा वेळी काय काय होतं ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. आधी कुजबुज, मग मोठ्या साहेबांचं भाषण, मग कॅन्टीनमध्ये केक, मग नव्या लोगोचे टी-शर्ट (सगळे एकाच साइजचे, मला आखूड). भाषणाच्या आदल्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं. "तू ब्लॉगबिग लिहितोस ना? मग आपल्या टीमसाठी एक मेल लिही. सोप्या प्रश्नोत्तरांसारखा. लोक घाबरलेत."

मी खूश! आठ वर्षं कोड लिहून जे कौतुक झालं नाही ते एका मेलवर होणार होतं. पहिलं वाक्य मॅनेजरनेच सांगितलं: "तुमच्या रोजच्या कामात काहीही बदलणार नाही." मी ते ठळक अक्षरात टाकलं. खरं आहे का, हे विचारलं नाही. त्यालाही माहीत नव्हतं, हे आता कळतंय.

पाच महिन्यांनी आमच्या टीममधल्या तिघांना जायला सांगितलं. त्यातला एक माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधला, रोज चारच्या चहाचा सोबती. लॅपटॉप परत करायच्या आधी त्याने माझाच मेल मला फॉरवर्ड केला. सोबत एक अक्षरही लिहिलं नव्हतं. फक्त ते पहिलं वाक्य पिवळं केलेलं.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या शुक्रवारी रात्रीची बस पकडली आणि हिंगोलीला मामांकडे गेलो. आमचं आजोळ तिथलं. पुण्यातल्या मित्रांना हिंगोली सांगायची म्हणजे जरा खटाटोपच असतो. "नांदेडच्या अलीकडे की पलीकडे?" इथपासून सुरुवात. मग मी औंढा नागनाथ सांगतो, संत नामदेवांचं नर्सी सांगतो, वसमतची हळद सांगतो, आणि तरीही चेहरा कोराच राहिला तर विषय बदलतो. :-)

पण आजच्या विषयापुरतं एक सांगायला हवं. हिंगोलीच्या माणसाला जोडणं-तोडणं नवीन नाही. एके काळी निजामाच्या राज्यात इथे लष्करी छावणी होती, म्हणून गावात अजून पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा अशी वस्त्यांची नावं आहेत. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. मग १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा काढून हिंगोली जिल्हा केला. माझ्या आजोबांना जागचं न हलता किती सरकारं आणि किती कचेऱ्या बदलाव्या लागल्या ते मोजलं तर आमच्या कंपनीचा केक अगदीच किरकोळ वाटतो.

सकाळी बसमधून उतरून रिक्षाने घरी निघालो तर रिक्षावाल्याशी बोलताना सरकारी दवाखान्याचा विषय निघाला. "आता कॉलेज झालंय न भाऊ," तो म्हणाला. झालंय खरं. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी दूरस्थ पद्धतीने राज्यातल्या १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन केलं, त्यात हिंगोली होतं. बाकीची मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा आणि अंबरनाथ. सगळी मिळून एमबीबीएसच्या ९०० जागा, त्यातल्या १०० हिंगोलीच्या. ज्या गावातून डॉक्टर व्हायला मुलं नांदेडला, अंबाजोगाईला, संभाजीनगरला जायची, त्या गावात आता बाहेरची मुलं डॉक्टर व्हायला येणार! माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

घरी मामा अंगणात पेपर वाचत बसले होते. "आलास? कामून आलास असा अचानक?" मामींनी पोहे टाकले. पोहे खाता खाता मी सगळं सांगितलं. मेल, केक, पिवळी ओळ. मामांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "ते वाक्य मी पण बोललेलो आहे."

इथे मामांची ओळख करून द्यायला हवी. मामा म्हणजे निवृत्त समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय). हे पद सरकारी रुग्णालयांत असतं, आणि बहुतेकांना ते कशासाठी असतं हे ठाऊक नसतं. एमएसडब्ल्यू करून माणूस या जागेवर येतो. बेवारस पेशंट आला, त्याचे नातेवाईक शोधा. ऑपरेशनला पैसे नाहीत, ट्रस्टना पत्रं लिहा. मुलगी विष पिऊन आली, तिच्याशी बोला, तिच्या आईशी वेगळं बोला. डॉक्टर घाईत काहीतरी सांगून गेले, ते घरच्यांना समजेल अशा भाषेत परत सांगा. आणि वॉर्डात गोंधळ झाला, पत्रकार आले, की सगळे साहेब मीटिंगमध्ये जातात आणि पुढे हाच माणूस! आमच्याकडे कॉर्पोरेट कम्युनिकेशनचा व्हाइस प्रेसिडेंट असतो, त्याचंच काम, फक्त एका टेबलावर आणि तेही जिन्याखाली.

मामांची नोकरी हिंगोलीत झाली नाही. लांबच्या एका जिल्ह्यात झाली, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या जिल्हा रुग्णालयाचंही मामांच्या नोकरीच्या मध्यावर असंच झालं. एके दिवशी ते वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलं गेलं.

आता 'जोडलं' म्हणजे नेमकं काय, हे मलाही त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं सरकारी दवाखाना म्हणजे सरकारी दवाखाना. तसं नाहीये. गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. तालुक्याची ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं, आणि जिल्ह्याचं 'सिव्हिल', हे सार्वजनिक आरोग्य खात्याकडे. सिव्हिलचा प्रमुख जिल्हा शल्य चिकित्सक. पण मेडिकल कॉलेज हे वेगळ्याच खात्याचं, वैद्यकीय शिक्षण खात्याचं. तिथला प्रमुख अधिष्ठाता, म्हणजे डीन. मंत्री वेगळे, सचिव वेगळे, नोकरभरती वेगळी.

आणि कॉलेज काढायचं तर रुग्णालय लागतंच. सध्याच्या नियमाप्रमाणे १०० विद्यार्थ्यांच्या कॉलेजला ४२० खाटा हव्यात. रिकाम्या माळावर एवढं मोठं चालतं रुग्णालय एकदम कुठून आणणार? म्हणून जे जिल्ह्यात आधीपासून उभं आहे तेच कॉलेजला जोडायचं. केंद्र सरकारने २०१४ साली यासाठी देशभराची योजनाच आणली, चालू जिल्हा रुग्णालयांना जोडून नवी कॉलेजं काढायची. आपल्याकडे गोंदिया आणि नंदुरबारची कॉलेजं त्या योजनेतली.

म्हणजे इमारत तीच, खाटा त्याच, पेशंट तेच, पण मालक बदलला. "तुमच्या भाषेत ॲक्विझिशन," मामा म्हणाले. (हा शब्द त्यांना कुठून कळला कोण जाणे.)

मग काय काय बदलतं? वरून बघितलं तर चांगलंच बदलतं. जिथे एका विषयाचा एकच तज्ज्ञ होता तिथे प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक, त्यांच्याखाली निवासी डॉक्टर अशी अख्खी पथकं येतात. रात्री दोनलाही डॉक्टर जागा सापडतो. जो पेशंट पूर्वी अँब्युलन्समधून पुढच्या शहरात पाठवला जायचा तो इथेच थांबतो. हिंगोलीहून नांदेड नव्वदेक किलोमीटर आहे, मध्ये कळमनुरी, आखाडा बाळापूर, अर्धापूर. त्या रस्त्यावर आमच्या घराने एक माणूस गमावलेला आहे, त्यामुळे या नव्वद किलोमीटरचा अर्थ मला वेगळा सांगायला नको.

पण खालून बघितलं तर? मामांनी खालूनच बघितलं होतं.

"पहिल्या आठवड्यात मला साहेबांनी बोलावलं. म्हणाले, कर्मचारी घाबरायलेत, तुम्ही बोला त्यांच्याशी. काय बोलू? तर म्हणे सांगा, काहीही बदलणार नाही, कुणाचीही बदली होणार नाही. मी गेलो आन् सांगितलं. वॉर्डात जाऊन, एकेका पाळीला."

कर्मचारी म्हणजे परिचारिका, कक्षसेवक, सफाई कामगार. ते सगळे जुन्या खात्याचे. रुग्णालय नव्या खात्याकडे गेलं तरी माणसं आपोआप जात नाहीत. काहींना नव्या ठिकाणी सामावून घेतात, काही जण मूळ खात्यात परत जातात. आणि मूळ खात्यात परत म्हणजे जिल्ह्यातल्या कुठल्यातरी दुसऱ्या दवाखान्यात.

"सात महिन्यांनी यादी आली. त्यात बाळंतपणाच्या वॉर्डातल्या एक मावशी होत्या. नवरा नव्हता, दोन पोरी. साठ किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयात बदली. त्या माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. भांडल्या नाहीत. म्हणल्या, साहेब, जूनमध्ये मला नंदेने तिच्या गावी बोलावलं होतं, तिथल्या दवाखान्यात जागा होती, विनंती बदली मिळत होती. तुम्ही सांगितलं काही बदलणार नाही म्हणून मी अर्जच केला नाही."

मामा थांबले. मामींनी मध्येच "पोहे घे की अजून" म्हणत माझ्या बशीत पोहे वाढले. त्यांनी ही गोष्ट बऱ्याच वेळा ऐकली असावी.

"मी खोटं बोललो नव्हतो," मामा म्हणाले. "मला जे सांगितलं तेच मी सांगितलं. पण त्या बाईने साहेबांवर विश्वास ठेवला नव्हता रे. माझ्यावर ठेवला होता."

त्यानंतर मामांनी काय केलं ते ऐका, कारण ही या पोस्टमधली एकमेव कामाची गोष्ट आहे. केसपेपरच्या खिडकीसमोर एक जुना काळा फळा पडून होता. मामांनी तो भिंतीला लावला आणि त्यावर तीन रकाने आखले. पहिला: काय ठरलंय. दुसरा: काय ठरायचंय. तिसरा: कधी कळेल आणि कुणाला विचारायचं. वर तारीख. रोज सकाळी साडेआठला मामा स्वतः खडूने लिहायचे. छापील नोटीस का नाही? "खडू पुसता येतो म्हणून. आन् तारीख बदललेली दिसली की लोकांना कळतं, हा माणूस रोज बघायलाय."

मी म्हटलं, मामा, आमच्याकडे याला चेंजलॉग म्हणतात. मामा म्हणाले, "मग तुझ्या मेलात दुसरा रकाना कुठंय?"

काय बोलणार?

नव्या डीनसाहेबांना तो दुसरा रकाना पटला नव्हता म्हणे. "ठरायचंय, ठरायचंय असं दहा ठिकाणी लिहिलंत तर लोकांना वाटेल आपणच गोंधळलोय." त्यावर मामांचं उत्तर: "गोंधळ त्यांना दिसतोच साहेब. आपण कबूल करायलोत एवढंच." डीनसाहेब हसले आणि फळा राहिला. पुढे तर तेच मामांना विचारायला लागले की आज दुसऱ्या रकान्यात काय काय आहे, कारण नेमकं काय अडलंय हे त्यांना त्या फळ्यावरूनच कळायचं!

पेशंटच्या प्रश्नांसाठीही तोच फळा. कारण पेशंटच्या अफवा वेगळ्या. सगळ्यात मोठी अफवा: "आता शिकाऊ पोरं आपल्यावर हात साफ करणार." ही अफवा प्रत्येक नव्या कॉलेजच्या गावात असते. आणि गंमत म्हणजे ती शंभर टक्के खोटीही नाही. विद्यार्थी पेशंटजवळ येणारच, तपासणार, तेच ते प्रश्न विचारणार. मामा लपवायचे नाहीत. सांगायचे, "हो, पोरं येतील. तुम्हाला विचारून तपासतील. नको म्हणालात तर तपासणार नाहीत, आन् त्यावरून औषधपाण्यात फरक पडणार नाही. आन् खरं सांगू का, मोठे डॉक्टर पाच मिनिटं देतात, हे पोरगं अर्धा तास तुमचं ऐकून घेईल." मामा म्हणतात, या शेवटच्या वाक्यानंतर म्हातारी माणसं स्वतःहून पोरांना हाक मारायची. :-)

दुसरी गोष्ट देहदानाची. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र असतं आणि त्याला मृतदेह लागतात. १९४९ सालच्या कायद्याने बेवारस देह अभ्यासाला घेता येतात, पण खरा आधार देहदानाचाच. मामा शाळांमध्ये, सप्ताहांमध्ये जाऊन बोलायचे. एका निवृत्त शिक्षकांनी अर्ज भरला. दोन वर्षांनी ते गेले आणि मुलं अडली. मामा रात्री त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. मुलांनी विचारलं, अर्ज भरलाय म्हणजे द्यावाच लागेल का? मामा म्हणाले, नाही, तुम्ही नको म्हणालात तर आम्ही नेणार नाही. मुलांनी विचारलं, देह परत कधी मिळेल? मामा म्हणाले, परत मिळणार नाही, जे काही विधी करायचे ते आत्ताच करून घ्या. पहाटे मुलांनी होकार दिला.

"तिथं मी एक शब्द गोड लावला असता, तर त्या गावातून परत कुणीच देह दिला नसता," मामा म्हणाले.

मला हे ऐकताना एक जुनी केस आठवली, अमेरिकेतली. नोव्हेंबर १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि स्टॅनफर्ड या दोघांनी आपापली रुग्णालयं एकत्र केली. दोन्ही जगात नावाजलेली, एकमेकांपासून पन्नास-साठ किलोमीटरवर. एक सरकारी विद्यापीठ, एक खासगी. कागदावर एकदम झकास! खर्च वाचेल, ताकद वाढेल. प्रत्यक्षात तोटा वाढत गेला, दोन्हीकडचे लोक एकमेकांना 'ते' म्हणत राहिले, आणि १९९९ संपता संपता वेगळं व्हायचं ठरलं. २००० साली फारकत. अडीच वर्षांचा संसार. आता एवढे हुशार लोक, एवढा पैसा, आणि तरी असं का झालं यावर लोकांनी बरंच लिहिलंय. तोट्याची कारणं पैशातच असणार, एका फळ्याने तो भरून निघाला नसता हे मलाही कळतं. पण दोन संस्था एक होतात त्या करारावर सही होते त्या दिवशी नाही. खिडकीवरच्या माणसाला "आता इथे काय?" असं कुणी विचारलं आणि दोन्ही बाजूंच्या माणसांकडून एकच उत्तर आलं, की त्या दिवशी होतात. हे मला मामांच्या अंगणात कळलं.

आणि उत्तर चुकलं तर काय होतं याचं आपल्याकडचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारने निर्णय केला की १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार मोफत. मोठाच निर्णय. पण तो त्या खात्यापुरता होता. वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालयं त्यात नव्हती. आता तुम्ही विचार करा: सिव्हिल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलं, की खिडकीवर पहिला प्रश्न कुठला येणार? "आता पैसे पडतील का?" ज्या बाईच्या पिशवीत परतीच्या एसटीपुरतेच पैसे आहेत तिला खात्यांची भानगड समजावून उपयोग नाही. तिला उत्तर हवं. आणि ते खिडकीवर एक, वॉर्डात दुसरं आणि रिक्षावाल्याकडून तिसरं मिळालं तर ती दवाखान्यात येणारच नाही. मामांचा नियम असा होता: पैशाबद्दलचा प्रश्न आला की त्याच दिवशी दुपारच्या आत साहेबांकडून लेखी घ्यायचं आणि फळ्यावर पहिल्या रकान्यात टाकायचं. पैशाचा प्रश्न दुसऱ्या रकान्यात एक रात्रही ठेवायचा नाही.

शनिवारी संध्याकाळी शेजारचे एक आजोबा आले. गुडघे धरलेले, हातात जुन्या केसपेपरांची पिशवी. "भाऊ, ते कॉलेजवाल्या दवाखान्यात हा जुना कागद चालतो का हो?" मामांना तीस वर्षांचा अनुभव. मला वाटलं आता फटकन सांगतील. मामा म्हणाले, "मी रिटायर माणूस, मला इथलं ठाऊक नाही. सोमवारी आपण दोघं जाऊन खिडकीवर विचारू." आणि मामींना म्हणाले, सोमवारी सकाळचा स्वयंपाक लवकर कर.

मी ते बघत राहिलो. 'मला ठाऊक नाही' हे वाक्य आमच्या ऑफिसात मी शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना.

मामांच्या करिअरचं पुढे काय झालं हे विचारलं. काही नाही झालं. त्यांचं पद दोन्ही खात्यांत आहे, पण दोन्हीकडे ते डॉक्टरांच्या उतरंडीच्या बाहेर. बढतीची वाट अरुंद. कॉलेजमध्ये त्यांना जनऔषध वैद्यकशास्त्र विभागाला जोडून दिलं (म्हणजे लोकांमध्ये जाऊन शिकायचा विषय). तिथे ते पोरांना घेऊन वस्तीत जायचे, पेशंटशी कसं बोलायचं ते दाखवायचे. त्यांच्या नावापुढे कधी 'प्राध्यापक' लागलं नाही. पुढे २०१८ साली भारतीय वैद्यक परिषदेने वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा अभ्यासक्रमाचा रीतसर भागच केला आणि २०१९ च्या बॅचपासून तो सगळ्या कॉलेजांत लागू झाला. पेशंटला वाईट बातमी कशी सांगायची, संमती कशी घ्यायची, हे आता पुस्तकात आहे. हिंगोलीत येणारी १०० मुलंही हे शिकणार. मामांना विचारलं, वाईट नाही वाटत? तुम्ही जे जिन्याखाली बसून केलं त्याचा आता विषय झाला, आणि तुमचं नाव कुठेच नाही.

"विषय झाला ना? मग झालं की," मामा म्हणाले. मग जरा वेळाने, "त्या मावशींच्या मोठ्या पोरीचं लग्न झालं, मला पत्रिका आली होती. गेलो नाही. जायला पाहिजे होतं."

रविवारी रात्रीच्या बसने परत आलो. सोमवारी दोन कामं केली.

पहिलं, टीममधल्या उरलेल्या लोकांसाठी नवा मेल लिहिला. तीन रकाने. दुसऱ्या रकान्यात सहा ओळी: पुढच्या वर्षीची पगारवाढ, नोएडाच्या टीमबरोबर होणारं एकत्रीकरण, घरून काम, वगैरे. मॅनेजरकडे पाठवला. त्याने दोन दिवस ठेवून घेतला. मग म्हणाला, दुसरा रकाना काढ. मी म्हटलं, मग माझं नाव काढ. बरीच घासाघीस झाली. सहातल्या दोन ओळी गेल्या, चार राहिल्या. शूरपणा म्हणाल तर एवढाच. पण मेल गेल्यावर तासाभरात जेवढे लोक माझ्या डेस्कवर येऊन बोलून गेले तेवढे त्या ठळक अक्षरांच्या मेलनंतर आले नव्हते. एकाने तर सांगितलं की दुसऱ्या रकान्यातल्या एका ओळीचं उत्तर त्याला माहीत आहे. ती ओळ आता पहिल्या रकान्यात आहे.

दुसरं काम अवघड होतं. त्याला फोन लावला. पिवळ्या ओळीवाल्याला. दोन वेळा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. मी सरळ म्हटलं, मला माहीत नसताना मी ते लिहिलं, चुकलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुला माहितीये, त्याच आठवड्यात माझ्या हातात दुसरी ऑफर होती. तुझा मेल वाचून मी नाही म्हणून कळवलं."

मला मामांच्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या मावशी आठवल्या.

त्याला आता नोकरी आहे, पगार थोडा कमी आहे, ऑफिस लांब आहे. "जाऊ दे रे" असं तो म्हणाला नाही, आणि म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. फोन ठेवताना म्हणाला, शनिवारी चहाला ये, पण माझ्या ऑफिसकडे, मी तिकडे येणार नाही.

आज शनिवार. चारला निघायचंय, त्यामुळे इथेच थांबतो.

(जाता जाता: आजोबांचं काय झालं म्हणून मामांना फोन केला होता. दोघं जाऊन आले. काम झालं. खिडकीवरच्या मुलीने नीट समजावून सांगितलं म्हणे. मामा म्हणाले, "चांगली पोरगी आहे. मी तिला फळ्याचं सांगून आलोय.")